डॅशबोर्डातला गूळ

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड व्हायचे ते गाडीचे. आम्हाला ताप आला तर अम्मा सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि कामाला बसवायची. गाडी नुसती खोकली तरी अब्बा ताटावरून उठायचे. विलायती गाडी होती ती, म्हशीएवढी रुंद आणि म्हशीसारखीच काळी. एका जहागीरदाराकडे अब्बा ड्रायव्हर होते. जहागिरी गेली, जहागीरदार पुण्याला गेले आणि जाताना गाडी अब्बांच्या गळ्यात घालून गेले. अब्बांनी ती लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि आमची चूल तिच्यावर पेटायला लागली. घर म्हणजे दोन खोल्या आणि शेजारी गाडीची छपरी. छपरी दोन्ही खोल्यांहून मोठी होती. पावसात खोल्या गळायच्या, छपरी गळत नव्हती. घरात आम्ही अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचो, पण भांडण पुरतं मराठीत व्हायचं. गल्लीला समजायला पाहिजे ना.

ह्या गाडीत आतून लाकूड होतं. समोर काटे-घड्याळं बसवलेली रुंद फळी, आणि दारांच्या काचांखाली हाताएवढ्या रुंद पट्ट्या. अक्रोडाचं लाकूड आहे असं अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. आमच्यात कुणी जन्मात अक्रोड खाल्ला नव्हता, पण त्याचं लाकूड मी रोज पुसत होते. त्यावर गुळाच्या रंगाच्या लाटा होत्या आणि वर काचेसारखं पॉलिश. माझ्या नातवाच्या गाडीतही समोर लाकूड दिसतं. मी नखाने खरवडून बघितलं, ते प्लास्टिकवर छापलेलं चित्र निघालं. नातू ओरडला, "आजी, चरा पडला की!" मी म्हटलं, चित्राला चरा पडला म्हणून कोण रडतं? पण ह्या चऱ्यावरूनच मला हे सगळं आठवलं, म्हणून त्याची बोलणी खाल्ल्याचं वाईट वाटत नाही.

लाकडाचे खरे वैरी म्हणजे करवल्या. नवरदेवाशेजारी त्याची बहीण तांब्याचा कलश घेऊन बसते. कलश जड असतो, करवली दागिन्यांनी अवघडलेली असते, आणि हात दुखला की ती कलश टेकवते तो बरोबर दाराच्या लाकडावर. रस्त्यात खड्डा आला की टवका उडालाच. ओवाळायला येणाऱ्या बायका खिडकीतून हात घालायच्या, त्यांच्या पाटल्यांचे चरे पडायचे. म्हणून मला पुढच्या सीटवर बसवायला सुरुवात झाली. माझ्या मांडीवर गोधडीचा तुकडा असायचा. कलश टेकणार असं दिसलं की मागे वळून तो तुकडा खाली सरकवायचा, एवढंच काम. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. पुढची शाळा लांब होती आणि मला गणित येत नव्हतं. घरचे लोकांना पहिलं कारण सांगायचे. तर मी कोल्हापुरातली किती लग्नं पुढच्या सीटवरून पाहिली ते विचारू नका. बहुतेक सगळी उलटं तोंड करून पाहिली.

उडालेले टवके भरायला आमच्याच गल्लीतले कासम मिस्त्री यायचे. कपाटांना, पलंगांना पॉलिश करणं हा त्यांचा धंदा. ते लाखेची तांबूस कांडी घ्यायचे, चाकूचं पातं दिव्यावर तापवायचे, आणि कांडी पात्याला लावून लाख थेंबथेंब खड्ड्यात सोडायचे. थंड झाली की ब्लेडने तासायचे, काचपेपरने घासायचे, आणि मग कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून, लाख-स्पिरिटात बुडवून, गोल गोल फिरवत बसायचे. मी शेजारी बसून बघायचे. चार वेळा बघितल्यावर मला वाटलं, ह्यात काय आहे. मला आयुष्यभर असंच वाटत आलंय. दुसऱ्याचं काम बघितलं की वाटतं ह्यात काय आहे, आणि हातात घेतलं की कळतं ह्यात काय आहे.

त्या वर्षी गाडीवर वाईट दिवस आले होते. लग्नाला नव्या पांढऱ्या गाड्या मिळायला लागल्या होत्या. गिऱ्हाईक छपरीत यायचं, दार उघडून बघायचं आणि म्हणायचं, "लाकूड लईच खाल्लंय की वो." माझा चाचा कबनूरला कापडाच्या मागावर कामाला होता. तो दर जुम्म्याला यायचा, मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करायचा आणि एकच तुणतुणं वाजवायचा, "भंगारात घाला ती. मोडवाला मी आणतो. आन् बानूला माझ्याकडं धाडा. सुताच्या कांड्या भरंल, चार पैसं मिळवंल." मी एकदा कबनूरला जाऊन आले होते. मागांचा खडखडाट असा की शेजारी बसलेली बाई काय बोलते ते तिच्या ओठांवरून ओळखायचं. मला तर बोलायची सवय. मला कबनूरला धाडणं म्हणजे कोंबडीला पाण्यात सोडणं.

अशात अप्पा आले. अप्पा गुळाचे अडते, कपाळाला विभूतीचे पट्टे, पायात करकरणारं पायताण, घरात कानडी आणि बाजारात मराठी. जिभेवर खडा ठेवला की गूळ कुठल्या गावच्या गुऱ्हाळातला ते सांगतात अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न होतं, नवरदेव निपाणीकडचा. त्यांना आमचीच गाडी पाहिजे होती, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नात जहागीरदारांनी हीच गाडी पाठवली होती. त्यांनी दाराच्या पट्टीवर हात फिरवला आणि हात मागे घेतला.

"हे असलं घेऊन जावायाला देवळाला न्ह्यायचं व्हय?" ते म्हणाले.

"नव्यासारखं करून देतो, अप्पा," अब्बा म्हणाले. "जबान हाय माझी."

त्याच आठवड्यात जुम्म्याला चाचा आला. अब्बा त्याला म्हणाले, "ह्या लग्नात गाडीला कुणी नाव ठेवलं तर तुझा मोडवाला आण. मग मी अडवायचा न्हाय." चाचाने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू कबनूरची चटई अंथरूनच आलाय.

आता कासम मिस्त्रींना बोलवायचं सोडून मी काय केलं? मी म्हटलं, "मिस्त्री कशाला? मी करते." अम्मा भाकरी थापता थापता थांबली. "तू? तुला भाजीचा डाग निघत न्हाय परकराचा." अब्बांनी मात्र माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याने मी फुगले. लाखेची कांडी आणि स्पिरिट आणून त्यांनी माझ्या हातात दिलं.

पहिल्या दिवशी मी पातं इतकं तापवलं की लाख काळी पडून फेसाळली. ती तासून काढली तर लाकडाचा आणखी टवका निघाला. दुसऱ्या प्रयत्नात थेंब खड्ड्यात न पडता माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. अजून डाग आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवीन. अर्धे टवके भरायचे होते तोच कांडी संपली, आणि लग्न उद्यावर आलेलं. मिस्त्री गल्लीच्या टोकाला राहायचे, चार पावलं चालून गेले असते तर त्यांनी कांडी दिली असती. पण सगळ्या गल्लीत मीच सांगून ठेवलं होतं की आता मिस्त्रीची गरज नाही. त्यांच्या दारात जायचं म्हणजे नाक कापून हातात घेऊन जायचं. मी नाक वाचवलं.

अम्माचं माहेर कोडोलीचं. मामू दर हंगामात गुळाची एक आख्खी ढेप टाकून जायचा, आणि अम्मा त्या गुळाची शेंगदाण्याची चिक्की करायची. त्या दिवशी कढईच्या काठाला पाकाचा एक थेंब वाळलेला दिसला. तांबूस, चकचकीत, काचेसारखा कडक. मी तो उचलून छपरीत नेला आणि लाकडावर ठेवला. कुठे थेंब आणि कुठे लाकूड ते कळेना. माझं मलाच कौतुक वाटलं. इतक्या मिस्त्र्यांना जे सुचलं नाही ते मला सुचलं होतं! का सुचलं नव्हतं ह्याचा विचार करायचं काम मी मुंगळ्यांवर सोपवलं.

अम्मा शेजारी सांत्वनाला गेली होती. मी पळीत गूळ घेतला, पाण्याचा थेंब टाकला आणि चिक्कीसारखा पाक केला. वाटीभर पाण्यात थेंब सोडला की तो तळाशी जाऊन कट्कन मोडला पाहिजे, ही अम्माची खूण. तसा मोडला. एकीकडून जरा करपला, पण करपलेला भाग जास्तच लाकडासारखा दिसला. गरम गरम पाक दारांच्या आणि डॅशबोर्डाच्या टवक्यांत भरला, ब्लेडने तासला, ओल्या बोटाने गुळगुळीत केला, आणि मिस्त्रींसारखा बोळा घेऊन वरून लाखेचं पॉलिश मारलं. संध्याकाळी अब्बांनी कंदील धरून पट्टीवर हात फिरवला. कुठेच अडला नाही. "बाने," ते म्हणाले, "कासमला सांगू नगंस, त्याला वाईट वाटंल." त्या रात्री मी जेवले नाही, इतकी फुगले होते. सकाळी गाडी पुसताना दारावर एक मुंगळा दिसला. मी तो उडवला. दुसरा दिसला, तोही उडवला. शहाण्या माणसाला दुसऱ्या मुंगळ्यातच सगळं कळलं असतं.

वैशाखाचं ऊन. गाडीला झेंडूच्या माळा, आणि पोरं फुलं तोडतील म्हणून काचा घट्ट लावलेल्या. अशी ती कार्यालयाबाहेर उन्हात उभी राहिली आणि आम्ही आत मठ्ठा-जिलेबीवर बसलो. लग्न गोरज मुहूर्ताचं, त्याआधी नवरदेव वाजतगाजत देवळाला जायचा. अब्बांनी दार उघडलं तर आतून गुऱ्हाळासारखा वास आला. अब्बा म्हणाले, "फुलांचा वास काय सुटलाय!"

नवरदेव मागे खिडकीशी बसला, रेशमी कोट, डोक्याला बाशिंग. शेजारी त्याची बहीण कलश घेऊन, पलीकडे त्याचा मामा, मोठ्या मिशीचा. मी पुढे. बँड सुरू झाला आणि गाडी माणसांच्या पावलांनी चालायला लागली. पहिला थेंब डॅशबोर्डावरून माझ्या परकरावर पडला. मी तो बोटाने पुसला तर बोटाला तार आली. दुसरा थेंब ओंजळीत धरला. तिसऱ्याला ओंजळ पुरेना, म्हणून मी ती चाटून रिकामी केली. मी मागे वळून बघितलं. नवरदेवाने रुबाबात कोपर दाराच्या पट्टीवर टेकवलेलं होतं आणि पट्टीच्या फटीतून मुंगळे एकामागे एक त्याच्या बाहीत शिरत होते. त्यांचीही वरातच चालली होती.

बिचाऱ्याने आधी खांदा उडवला. मग मान झटकली. मग बसल्या जागी कंबर हलवली. बँडवाल्याने ते बघितलं, त्याला वाटलं नवरदेवाला ताल चढला, त्याने वाजंत्री आणखी चढवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, "नवरदेव नाचतोय रं!" नवरदेवाने हात वर करायला बघितला, तर बाही लाकडाला चिकटलेली. त्याने हिसका दिला, दार उघडलं आणि तो रस्त्यात उतरून खरोखरच नाचायला लागला. बाशिंग एका कानावर, बाहीवर कोपरापर्यंत तांबडा पट्टा, आणि त्या पट्ट्याला लाकडावरून आलेली लांब तार. बँड थांबला.

"काय घाण हाय ही?" मामा ओरडला. "डांबर लावलंय व्हय गाडीला?"

अब्बा मागे वळले. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाने, काय भरलंयस तू?"

"लाख," मी म्हटलं. हनुवटीवरून एक तार खाली लोंबत होती ती मला नंतर कळली.

अप्पा गाडीबरोबर चालत होते. ते पुढे आले, दाराच्या पट्टीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि जिभेवर ठेवलं. सगळी वरात त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"लाख न्हाय ही," अप्पा म्हणाले. "कोडोलीचा गूळ हाय. चिक्कीचा पाक." आणि थोडं थांबून, "जरा करपलाय."

मला मुंगळे चावले असते तर बरं झालं असतं.

"आमच्या पोराला मुंगळं लागावं म्हणून गूळ लावून ठिवला?" मामाची मिशी थरथरायला लागली. "जावई पसंत नव्हता तर तोंडानं सांगायचं की! फिरा रं माघारी. हितनंच निपाणीला जाऊया." निपाणीकडची दोनचार माणसं खरोखर वळली. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामाने पसरली. ते उन्हात उभे राहून गाडीकडे बघत होते. अब्बांनी हात जोडले होते, पण कुणाकडे बघून जोडावेत ते त्यांना कळत नव्हतं. मला फक्त मागांचा खडखडाट ऐकू येत होता, कबनूरहून इथपर्यंत.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून नवरदेवाची आज्जी पुढे आली. कानडी बाई, पाठीत वाकलेली, तोंडात दात नाहीत. तिने नातवाची बाही हातात घेतली, "एनिदु?" म्हणजे हे काय, असं म्हणाली आणि सरळ चाटली. "अय्यो, बेल्ल!" कानडीत गुळाला बेल्ल म्हणतात. मग मराठीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सोयरीक जमली की आपण तोंड गोड करतो. हितं तर गाडीच गोड केलीया. व्याही, तुमच्यात अशी रीत हाय व्हय?"

अप्पांनी जन्मभर बाजारात सौदे केले होते. समोरून आलेला सौदा हातचा जाऊ द्यायचा माणूस नव्हे तो. चेहरा जराही न हलवता ते म्हणाले, "हाय की, आज्जी. आम्ही गूळवाले. लेकीच्या नवऱ्याला गुळातनंच न्ह्यायचा, ही आमची चाल हाय."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" मामा म्हणाला, पण आवाज निम्म्यावर आला होता. आज्जीसमोर त्याची मिशी चालत नव्हती. आज्जीने पट्टीवर बोट फिरवून नातवाच्या तोंडात गूळ घातला, मग मामाच्या मिशीखाली घातला. मग तिच्यामागच्या सगळ्या बायका आल्या. मी दिवसभर घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर प्रत्येकीने बोटं घासली, काहींनी नखं लावली, एकीने पाटलीने खरवडून पदरात बांधून घेतला. बँड पुन्हा सुरू झाला. नवरदेव देवळापर्यंत चालत गेला, म्हणाला चालणंच बरं. लग्न लागलं. निघताना अप्पा माझ्याजवळ थांबले. मी हात मागे लपवले, ते अजून चिकट होते. "पुढच्या बारीला," अप्पा हळू आवाजात म्हणाले, "करपू दिऊ नगंस."

घरी अम्माने चिक्कीची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कासम मिस्त्रींकडे गेले. त्यांना सगळी गोष्ट आधीच कळली होती, ती गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळली होती. मिस्त्री हसत हसत खोकले, खोकत खोकत हसले, आणि मग त्यांनी पातं किती तापवायचं ते माझा हात धरून शिकवलं. पात्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. उडून गेला तर पातं फार तापलंय, नुसता चुरचुरला तर बरोबर. अम्माच्या पाकाच्या खुणेपेक्षा ती सोपी खूण होती.

जुम्म्याला चाचा आला. ह्या वेळी रश्श्याला थांबला नाही, मोडवाल्याला घेऊनच आला. मोडवाल्याने गाडीला फेरी मारली, टायरला लाथ मारली. मी छपरीच्या खांबाला टेकून उभी होते. माझे कपडे अम्माने पिशवीत भरले होते, ती पिशवी दारात दिसत होती. अब्बा खाली बघत किल्ली हातात फिरवत होते.

"नाव ठेवलं का न्हाय लोकांनी?" चाचा म्हणाला. "सगळ्या पेठेत झालंय."

अब्बांनी किल्ली पुढे केली, तेवढ्यात छपरीच्या तोंडाशी दोन माणसं येऊन उभी राहिली. गूळबाजारातलीच, कपाळाला विभूती. त्यांतल्या मोठ्याने घसा खाकरला.

"पावणं, अप्पांच्या लेकीच्या लग्नात होती ती गुळाची गाडी हीच न्हवं? आमच्या पुतणीचं लगीन हाय. व्याह्यांनी निरोप धाडलाय, आम्हाला पण गुळातनंच न्ह्या म्हणून." मग तो जरा ओशाळून म्हणाला, "गूळ तुमचा असतोय का आम्ही आणायचा?"

अब्बांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मोडवाला चाचाकडे बघायला लागला. चाचा म्हणाला, "भाई, खुळं झालासा काय? दर लग्नाला गूळ फासला तर लाकूड राहील का ते?"

अब्बांनी किल्ली खिशात टाकली. "आणा की तुमचाच," ते त्या माणसाला म्हणाले. "पायजे तेवढा लावा." मग चाचाकडे वळून, माझ्याकडे बोटसुद्धा न दाखवता म्हणाले, "घासणारी हाय की घरात."

अम्मा आतून आली. तिने दारातली पिशवी उचलली, माझे कपडे जमिनीवर ओतले, आणि त्याच पिशवीत काचपेपर, ब्लेड आणि चिंध्या भरून माझ्या हातात दिली.